मी वडशाचा हिमालय

मित्रांनो, मी पडदा आहे. पण थांबा, खिडकीवर लोंबणारा तो फुलाफुलांचा पडदा डोळ्यांपुढे आणू नका, मला राग येतो. मी नाटकाचा पडदा आहे. चौदा फूट उंच, बावीस फूट रुंद आणि वय वर्षे बावीस. माझ्या अंगावर बर्फाचे पाच डोंगर आहेत, देवदारांची रांग आहे, लाकडी गॅलरीचे एक हॉटेलही आहे. माझे नाव हिमालय. राहायला मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. उन्हाळ्यात जिथे डांबर चपलेला चिकटते, तिथे हिमालय म्हणून मान मिळवायचा म्हणजे काही गंमत नाही. मी तो मिळवला आहे.

आमचे वडसा नाटकांचे गाव. दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि नाटके होतात. त्यासाठी इथल्या कंपन्या आपला मंच, आपले दिवे आणि आपले पडदे घेऊन निघतात. अशाच एका कंपनीचे मालक दादाजी एका सकाळी लहानूभाऊंच्या अंगणात येऊन उभे राहिले. लहानूभाऊ म्हणजे माझे पेंटर. तोवर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि ट्रॅक्टरच्या मागे फुले काढली होती.

"जय भीम, लहानू," दादाजी म्हणाले. "यंदाच्या नाटकात हिरो-हिरोईन लगीन झाल्यावर हिमालयात फिराले जातेत. मले हिमालय पाहिजे."

"हिमालय? मी कुठी पाह्यला जी हिमालय?"

"मी तरी कुठी पाह्यला? म्हणून तर तुह्याकडे आलो."

झाले. मांजरपाटाचे पट्टे शिवून मला अंगणात चार बल्ल्यांना, म्हणजे लाकडी खांबांना, ताणून बांधले. गिरजाबाई, म्हणजे लहानूभाऊंची बायको, हिने दोन मोठे गंज चुलीवर चढवले आणि तांदळाची खळ शिजवली. खळ म्हणजे कापडाला लावायची चिकट पेज. ती नीट बसली नाही तर रंग वर्षभरात पापड्या होऊन गळून पडतो. किडा लागू नये म्हणून तिने त्यात चिमूटभर मोरचूद टाकले आणि सगळी खळ स्वतःच्या हाताने माझ्या अंगाला चोपडली. एकदा नाही, दोनदा. आज बावीस वर्षांनीही माझ्या बर्फाला तडा नाही, तो उगाच नव्हे.

आता एक अडचण उभी राहिली. लहानूभाऊंपुढे नमुना म्हणून होते ते किराणा दुकानाचे कॅलेंडर. त्यावर वरच्या बाजूला बर्फाचे डोंगर होते, थोडे देवदार होते, एक हॉटेल होते. आणि त्याच्याखाली थेट तारखा! डोंगराच्या पायथ्याशी काय असते ते कॅलेंडरवाल्याने छापलेच नव्हते. लहानूभाऊ दोन दिवस माझ्यापुढे विड्या ओढत बसले. मग त्यांनी ब्रश उचलला आणि डोंगराखाली माणसाला जे हवे ते काढले. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या धानाच्या बांध्या काढल्या. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा बांध घातलेला तुकडा. आणि बांध्यांच्या काठावर काढला मोह. हे झाड काही मनातले नव्हते बरे का! लहानूभाऊंच्या शेताच्या बांधावर जो मोह आहे, तोच त्यांनी फांदी न् फांदी उतरवला. शेवटी उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात नाव घातले, "पेंटर लहानू, वडसा." ती अक्षरे काढताना त्यांची जीभ दातांत धरलेली होती, मला चांगले आठवते.

मित्रांनो, माझे भरभराटीचे दिवस काय सांगू तुम्हांला! "हिमालय सोडा रे!" असे दादाजी ओरडले की कंपनीबरोबर गावोगाव फिरणारे लहानूभाऊ दोर ढिला करत आणि मी सरसर उलगडत खाली येई. मंडपातून "आहाहा" असा आवाज उठे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या अंगावरचे सोलापुरी चादरीचे टोक ओढून घेत. चामोर्शीकडे एका बाईने तर शेजारणीला सांगितले, "बाप्पा, पडदा पडला न् मले थंडीच वाजून राह्यली." ही गोष्ट खोटी वाटत असेल तर वाटो. मी ती स्वतः ऐकली आहे आणि मरेपर्यंत सांगत राहणार आहे. माझ्यापुढे हिरोने लाल कोट घालून गाणी म्हटली, हिरोईन कापसाच्या बर्फात घसरून पडली आणि माझ्या बांध्या पाहून गावकरी म्हणाले, "तिथी बी धान होते वाटते." कोणालाही काही खटकले नाही. उलट हिमालय त्यांना आपल्या ओळखीचा वाटला.

मग तो प्रसंग घडला. सांगताना अजून माझ्या घड्या ताठ होतात.

एका गावात नाटकाच्या उद्घाटनाला शहरातून एक साहेब आले होते. ते नुकतेच थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलेले. माईक हातात आल्यावर त्यांची नजर माझ्यावर गेली आणि ते हसायलाच लागले. "हा हिमालय आहे? अहो, हिमालयात मोहाचे झाड! आणि बर्फाखाली धानाच्या बांध्या! मी स्वतः जाऊन आलो आहे. या पेंटरने आयुष्यात एखादी टेकडी तरी पाहिली आहे का?" त्यांनी वाकून कोपऱ्यातले नाव मोठ्याने वाचले, "पेंटर लहानू, वडसा!"

मंडप हसला. आठ वर्षे मला पाहून गारठणारा तोच मंडप हो! लहानूभाऊ तिथेच बाजूला माझा दोर धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिरव्या रंगाची वाटी आणली आणि माझ्या कोपऱ्यातले आपले नाव गवताखाली बुजवून टाकले. त्यानंतर त्यांनी पाट्या रंगवल्या, कमानी रंगवल्या, पण पडदा म्हणून पुन्हा एकही रंगवला नाही. त्याच वर्षी छापील फ्लेक्सचे पडदे आले आणि दादाजींनी मला लहानूभाऊंच्या घरी आणून सोडले. मला बांबूवर गुंडाळून ओसरीच्या आढ्याला बांधले गेले. लहानूभाऊंनी मान वर करून माझ्याकडे कधी बघितले नाही. गिरजाबाई मात्र दर वर्षी दिवाळी झाली की मला खाली घेई, दिवसभर उन्हात पसरे आणि घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला ठेवून परत बांधे. तिच्यामुळेच मी उंदरांच्या पोटात गेलो नाही.

अशी चौदा वर्षे गेली. आणि यंदा मार्च महिन्यात एका रविवारी संघप्रिया घरी आली. ही लहानूभाऊंची एकुलती एक मुलगी. ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहते. आल्या आल्या तिने मोबाईल काढला आणि जाहीर केले, "आई, बाबा, आपण तिघं हिमालयात जाऊन राह्यलो. गाव पाहून ठेवलं, कौसानी. अठ्ठावीस मार्चले निघू, सात एप्रिलले परत. मले सुट्टी भेटली."

गिरजाबाईच्या हातातले सूप तसेच राहिले. "खरा बर्फ दिसन का व तिथी?"

"खिडकीतून दिसन."

"मंग मी येतो," गिरजाबाई म्हणाली. आमच्याकडच्या बायका असेच बोलतात.

लहानूभाऊ म्हणाले, "तुमी दोघी जा. मले जमत नाई."

काऊन, असे विचारताच त्यांनी कारणांची रांग लावली. मोहाचे दिवस आहेत, फुले कोण वेचेल? संघप्रिया म्हणाली, काकू वेचतील. जयंतीची कमान कोण रंगवेल? दर वर्षी चौदा एप्रिलची कमान लहानूभाऊच रंगवतात, ही गोष्ट खरी. पण संघप्रियाने तारखा आधीच जुळवल्या होत्या. सातला परत आले तरी कमानीला सात दिवस उरत होते. मग गुडघे निघाले. तिने बाबांसाठी गाडीत खालचा बर्थ घेतला होता. बल्लारशाहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, पुढे जीप, एवढे सगळे तिने कागदावर लिहून आणले होते. शेवटी लहानूभाऊ नुसते "नाई म्हणलं ना" एवढेच म्हणू लागले. खरे कारण काय ते मला ठाऊक होते. पण आढ्याला बांधलेल्या पडद्याला कोण विचारतो?

गिरजाबाईने विचारले. ती उठली आणि म्हणाली, "संघे, तो पडदा उतरव."

"पडदा काऊन, आई?"

"तुह्या मोबाईलात मले काई समजत नाई. आपला हिमालय घरी आहे ना. त्याच्यावर पाहून ठरवू."

चौदा वर्षांनी मी भर दिवसा अंगणात त्याच बल्ल्यांवर उभा राहिलो. काय सांगू, छाती अशी फुलली! माझा बर्फ पांढरा होता आणि निळे आकाश निळेच होते. गिरजाबाईने तुरीची काडी हातात घेतली आणि माझ्या अंगावर सहल आखायला सुरुवात केली. "हे पाह्य. उतरलो का या हॉटेलात सामान ठेवाचं. सकाळी या गॅलरीत चाय प्याची. मंग या पायवाटेनं खाली उतराचं, या बांध्या पाहाच्या, आन थकलो का या मोहाखाली बसून डबा खाचा."

"अन् तिथी मोह नाई!" लहानूभाऊ एकदम ओरडले. कोंबड्या पळाल्या. "बांध्या बी नाई! काईच नाई तसं! मी खोटं रंगवलं, गिरजे. कॅलेंडरात दिसे नाई म्हणून मनानं भरलं. त्या दिवशी सगळ्या गावानं हासलं मले. आता तिथवर जाऊन माहंच खोटं माह्या डोळ्यानं पाहू का मी?"

संघप्रियाला हे काहीच माहीत नव्हते. तेव्हा ती शाळेत होती. तिचे डोळे भरून आले. गिरजाबाईने काडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "त्या साहेबानं सांगतलं म्हणून खोटं झालं का? तुमी तर पाह्यलं नाई ना अजून. चला न् पाहा."

लहानूभाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मग म्हणाले, "येतो. पण एक गोष्ट. तिथी बांध्या नाई दिसल्या तर घरी आल्यावर हा पडदा फाडून तनशीवर टाकाचा. पुन्हा माह्या डोळ्यापुढे नाई पाहिजे. कबूल?"

तनस म्हणजे धानाचा पेंढा. त्याच्या ढिगावर जुनी पोती, फाटके कापड टाकतात. आणि मी?

"कबूल," गिरजाबाई म्हणाली.

अगं बाई, मला तरी विचार! हिमालय मी, पैज माझ्या जिवाची, आणि कबूल म्हणणारी तू! पण तिने आधीच पोह्यांचा चिवडा आणि जवसाची चटणी किती करायची ते मोजायला घेतले होते.

पुढचे दिवस धांदलीचे गेले. सगळ्यांत मोठा घोळ स्वेटरांचा. मार्चमध्ये आमच्या बाजारात स्वेटर मागितला तर दुकानदार आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. शेवटी दादाजी कंपनीची कपड्यांची पेटीच घेऊन आले. लहानूभाऊंच्या वाट्याला आला हिरोचा लाल कोट, सोनेरी बटणांचा. गिरजाबाईला श्रीमंत सासूची भूमिका करणाऱ्या बाईची शाल मिळाली. हे दोन्ही कपडे माझ्यापुढे शेकडो वेळा उभे राहिले होते. आता ते खऱ्या डोंगरापुढे उभे राहणार होते. मला अभिमान वाटला आणि, खोटे कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

ते गेले. मी ओसरीत गुंडाळलेला पडून होतो. समोर तनशीचा ढीग होता. गुंडाळलेल्या पडद्याला दिसते कसे, असे विचारू नका. भीती वाटत असली की सगळे दिसते. दहा दिवस मी एकच गोष्ट घोकत होतो, देवा, कुठेतरी एखादी तरी बांधी असू दे. तीही जमत नसेल तर निदान बांध असू दे.

सात एप्रिलला दुपारी ऑटो दारात थांबला. ऊन असे की कावळाही सावलीतून हलत नव्हता. आणि त्या उन्हात लहानूभाऊ ऑटोतून उतरले ते लाल कोट घालूनच! सोनेरी बटणे वरपर्यंत लावलेली, घामाच्या धारा लागलेल्या. दादाजी धावत आले. "अबे लहानू, काढ तो कोट, मरशीन ना!"

"थांबा जी, आधी पडदा लावू द्या," लहानूभाऊ म्हणाले.

मला बल्ल्यांवर ताणले. लहानूभाऊ माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पहिले दोन दिवस धुकं, दादाजी. दहा हातावरचं दिसे नाई. मले वाटलं, बरं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटलं. लोकं सारे गॅलरीत उभे, वरते डोंगराकडे पाहून फोटो काढून राह्यले. मी खाली पाह्यलं." त्यांनी माझ्या बांध्यांकडे बोट केले. "दादाजी, बांध्या! डोंगराच्या वरतून खालवर, एकीखाली एक. बांध बी आपल्यासारखाच घातलेला, मातीचा, गोटे लावून. मी तसाच खाली उतरत गेलो. एक म्हातारा बांध लिपून राह्यला होता. त्याले विचारलं, इधर धान होता क्या? तो म्हणे, अभी गेहूँ है, बरसात में धान ही लगाते हैं. मी त्याच्या बांधावर बसलो न् पोटभर रडलो."

"गुडघे दुखते म्हणत होते," गिरजाबाई दादाजींना म्हणाली. "मी न् पोट्टी मागं राह्यलो, हे बोकडावानी खाली पळाले."

संघप्रियाने मोबाईल दादाजींपुढे धरला. त्यांनी एकदा त्यात बघितले, एकदा माझ्याकडे बघितले. मग परत मोबाईलमध्ये. "हे तर लहानूचंच चित्र आहे व," ते पुटपुटले. मित्रांनो, त्या क्षणी मी वाऱ्याशिवाय हललो.

"आन मोह?" दादाजींनी विचारले.

"मोह नाई," लहानूभाऊ सरळ म्हणाले. "मोहाचं तो साहेब खरं बोलला. पण लाल फुलाचं एक झाड आहे तिथी, बुरांस म्हणते. बाया सकाळी टोपल्या घेऊन त्याचे फुलं गोळा करते न् शरबत करते. गिरजा बी त्याईच्यात जाऊन बसली. भाषा समजत नव्हती तरी दोन टोपल्या भरल्या तिनं."

आता लहानूभाऊंनी रंगाच्या वाट्या मागवल्या. मला वाटले, मोह गेला. आता तिथे लाल फुलांचे झाड येणार. गिरजाबाईलाही तेच वाटले असावे, कारण ती म्हणाली, "झाड बदलवता का जी?"

लहानूभाऊंनी मोहाच्या खोडावर हात ठेवला. "नाई. पहाड त्याईचा आहे, मोह माहा आहे. राहू दे."

मग ते खाली बसले. ओले फडके घेऊन त्यांनी उजव्या कोपऱ्यातले हिरवे गवत हळूहळू पुसायला सुरुवात केली. गवत निघाले आणि खालची अक्षरे वर आली. फिकट झाली होती, पण जागच्या जागी होती. गिरजाबाईची खळ होती ना खाली! लहानूभाऊंनी जीभ दातांत धरली आणि पांढऱ्या रंगाने एकेक अक्षर परत गिरवले. पेंटर लहानू, वडसा. घामाचा एक थेंब वडशावर पडला, तो त्यांनी कोटाच्या बाहीने टिपला.

गिरजाबाई मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "चांगलं झालं. आन खळ कोणी लावली होती म्हणा?"

ती थट्टेत म्हणाली होती. लहानूभाऊ मात्र वळून तिच्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. त्यांनी पुन्हा ब्रश बुडवला आणि आपल्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिले, "खळ, गिरजाबाई."

गिरजाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती घरात चहा ठेवायला निघून गेली. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.

दादाजींनी तिथेच ठरवून टाकले की येत्या हिवाळ्यात छापील पडदा नको, आपला हिमालयच न्यायचा. तेव्हा मित्रांनो, मंडईला आलात तर मला बघायला या. माझ्यासाठी एवढे करा, ओल्या हाताने मला ओढू नका, पाऊस आला तर आधी मला झाका आणि हंगाम संपला की कडुनिंबाचा पाला घालून उन्हात वाळवून ठेवा. तुमच्या घरातही कोणी हाताने केलेली एखादी जुनी वस्तू असेल, वेडीवाकडी, कुठेतरी चुकलेली. तिला खुशाल हसा, पण त्याआधी ती कोणी केली ते विचारा. आणि माझा मोह पाहून हसू आले, तर तेवढे वाकून माझ्या उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे दोन नावे आहेत, दोन्ही मोठ्याने वाचा.